गोंदणाचा नववा नियम

वसतिगृह, कऱ्हाड
१२ ऑगस्ट १९९५

प्रिय दिप्या,

इथे येऊन तीन आठवडे झाले. खोलीत आम्ही तिघे. एक सांगलीचा, तो झोपेत गणितं सोडवतो. मेसच्या आमटीबद्दल लिहीत नाही, तुझ्या आईला कळलं तर ती डबा पाठवेल.

कामाचं लिहितो. मी निघालो त्या दिवशी तुमच्या गच्चीवर ठरलं होतं की खेळ बंद करायचा नाही. तर पत्रातून चालू ठेवू. मास्तर मीच. समोर काय संकट आहे ते मी लिहीन, तुमचे वीर काय करतात ते तुम्ही बहीणभावाने, तू आणि भाविकाने, लिहायचं. मग मी इथे डब्यातून चिठ्ठी काढून निकाल कळवीन. एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या नव्याने कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं, नेहमीसारखंच. फक्त चिठ्ठी काढताना तू बघायला नसशील. विश्वास ठेवावा लागेल.

एक अडचण आहे. आपल्या झेरॉक्स केलेल्या नियमांच्या पुस्तकात जादूच्या गोंदणाचं एकच पान आहे आणि त्याच पानावर झेरॉक्सवाल्याचा अंगठा आलाय. अर्धं पान काळं. वाचता येतं ते एवढंच, की वीराच्या अंगावर गोंदलेलं चित्र वेळ आली की जागं होतं. किती चित्रं, कुठे, दिवसातून किती वेळा, बदल्यात काय द्यायचं, ते सगळं अंगठ्याखाली गेलं. म्हणून म्हटलं, आपले नियम आपणच करू. तुझ्या पुतळा आत्यांच्या हातांवर कोपरापर्यंत गोंदण आहे ना? त्यांना विचार. त्यांना माहीत असेल ते पुस्तकवाल्यांनाही माहीत नसेल.

तुझा वीर भैरू नाखवा जळत्या बेटाच्या धक्क्यावर उभा आहे. घाई नाही.

तुझा,
शिवतेज


करावे
२७ ऑगस्ट १९९५

शिव्या,

पत्र मिळालं. आत्याला विचारलं तर आधी हसली. म्हणाली, "इंजिनेर व्हायला गेला ना तो? मग गोंदन कशाला पायजे त्याला?" मग ओटीवर बसवून सगळं सांगितलं. काजळीत झाडपाल्याचा रस घालायचे, तीन सुया एकत्र बांधायच्या, आणि गोंदताना पोरीला गाणं म्हणायला लावायचे म्हणजे रडू येत नाही. तिच्या मनगटावर तुळस आहे, कोपराजवळ विंचू. विंचू का, विचारलं. म्हणाली, विंचू असला की विंचू चावत नाही. मग म्हणाली, "अंगावरचं सोनं काढून घेतील. गोंदन कोन काढील? त्ये मेल्यावर पन संगं येतं." हा नियम आपल्याला पाहिजेच. गोंदण चोरता येत नाही. लिहून घे.

माझं म्हणशील तर शिरवण्याच्या बाजूच्या त्या कंपनीत लागलो. अजून कायम नाही, पण पहिली पाळी मिळाली. सात ते तीन. टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह, दिवसभर तेच. माझ्याच पाळीत दत्तू म्हणून आहे, उरणजवळच्या मोऱ्याचा कोळी. आडदांड, पण बारा महिने हसत असतो. जेवणाच्या सुट्टीत त्याला खेळ समजावला तर म्हणतो, मला पण वीर पाहिजे. वीराचं नाव ठेवलंय पापलेट. मी म्हटलं, बाबा, सिरीयस खेळ आहे हा. म्हणाला, "मंग? पापलेट सिरीयसच असतो." घे त्याला. भाविका पण हो म्हणाली. नियमांची वही ती लिहितेय, तिचं अक्षर चांगलं आहे.

भैरूला मला उजव्या मनगटावर गोंदण पाहिजे. नाखवा आहे तो. एकदा धरलं की सुटता कामा नये, असं काहीतरी दे. पापलेटला काय पाहिजे ते दत्तूने सांगितलं नाही. म्हणतो, मास्तर देईल ते चालेल, फक्त आईचं नाव गोंदू नका, ती मारेल.

दिपेश


कऱ्हाड
९ सप्टेंबर १९९५

दिप्या,

आत्यांना माझा नमस्कार सांग. त्यांनी सांगितलं त्यावरून पूर्ण व्यवस्था बसवली. भाविकाला म्हणावं, वहीत असं उतरव.

पहिला: एका वीराच्या अंगावर जास्तीत जास्त सात गोंदणं, एका जागेवर एकच. दुसरा: गोंदण सूर्योदय ते सूर्यास्त एकदाच जागं होतं. तिसरा: जागं करायचं तर वीराने स्वतःच्या जीवातले दोन गुण द्यायचे, फुकट काही नाही. चौथा, आत्यांचा: गोंदण चोरता येत नाही, विकता येत नाही, वीर मेला तर त्याच्यासोबत जातं. पाचवा: गोंदताना वीर ओरडला तर त्याची ताकद निम्मी, म्हणून गाणं म्हणायची परवानगी आहे. सहावा: गोंदण ज्या प्राण्याचं, त्या प्राण्यापासून रक्षण. सातवा भैरूसाठी, मूठगोंदण: मनगटावर दोरखंडाचा वेढा. जागं केलं की धरलेली वस्तू किंवा माणूस सुटत नाही, मात्र प्रत्येक क्षणाला चिठ्ठी काढायची आणि आठच्या वर आकडा आला पाहिजे.

पापलेटला पाठीवर खेकडा दिला. खेकडा मागे सरकला तरी नांगी सोडत नाही. दत्तूला आवडेल.

आता पुढचं. बेटावर शिरायला एकच भुयार आहे आणि आतून धूर येतोय. आत आधी कोण जातं ते तिघांनी मिळून ठरवा आणि कळवा.

शिवतेज

ता. क. ऑक्टोबरात पुन्हा लिहीन, सध्या चाचण्या आहेत.


करावे
२० नोव्हेंबर १९९५

शिव्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. अक्षराकडे बघू नको, हाताला जरा लागलंय, डाव्या हाताने लिहितोय.

दत्तू आता खेळणार नाही. कंपनीत नाही तो.

दोन शंका आहेत. नियमात बसत नाहीत म्हणून विचारतो.

एक. गोंदण असलेली कातडी जळली तर गोंदणाचं काय होतं? त्या जागी नवी कातडी आली तर त्यात ते परत येतं का?

दोन. मूठगोंदण जागं आहे. वीराने दुसऱ्या वीराला धरलंय. चिठ्ठी काढायच्या आधीच त्याने सोडलं. मग तो दोष कोणाचा? गोंदणाचा, चिठ्ठीचा, की त्याचा?

नीट विचार करून लिही.

दिपेश


कऱ्हाड
२ डिसेंबर १९९५

दिप्या,

केवढं वाकडं अक्षर! क्रिकेट खेळताना पडलास ना? बरं झालं, निदान गोलंदाजीतून तरी लोकांची सुटका.

दिवाळीत आई-बाबाच गावी आले, म्हणून नेरूळला येणं झालं नाही. बाबा गप्प गप्प होते. मार्केटमध्ये पोती उचलून उचलून त्यांची पाठ गेलीय. तुमच्याकडचं विचारलं तर "बरे आहेत सगळे" एवढंच म्हणाले.

तुझ्या शंका एकदम उत्तम आहेत. मी दोन संध्याकाळ त्यावर घालवल्या. वहीत घाल.

आठवा नियम. कातडी जळली की गोंदण गेलं, कायमचं. नवी कातडी ही नवी कातडी, ती काही लक्षात ठेवत नाही. त्या जागी पुन्हा गोंदता येत नाही, कारण व्रणात शाई धरत नाही. कडक आहे, पण त्याशिवाय आगीची भीती कशाला वाटेल?

नववा नियम. चिठ्ठी काढून आकडा कमी आला तर दोष नशिबाचा. पण चिठ्ठी काढलीच नाही आणि सोडलं, तर ती वीराची स्वतःची इच्छा. गोंदणाचा दोष नाही, नशिबाचा तर नाहीच. असा वीर पुन्हा कुणाला धरायला गेला तर समोरच्याने त्याचा हात धरायचा की नाही, हे समोरच्यावर. आणि त्याने सोडलेला वीर मेला, तर ती गोष्ट सगळ्या राज्यात कळते.

कसा वाटला? मला स्वतःला फार आवडलाय.

दत्तूने कंपनी सोडली का? आडदांड दिसतो म्हणालास आणि चार महिन्यांत पळाला? खेकड्याचं गोंदण दिलं होतं मी त्याला! सांग त्याला, मास्तर रागावलाय.

परीक्षा चौदाला संपते. भैरूचं काय ठरलं ते लवकर कळव.

शिवतेज


करावे
१८ डिसेंबर १९९५

शिवतेज दादा यांस,

तुझी परीक्षा संपली असेल म्हणून लिहिते. दादाने शपथ घातली होती. तुझे बाबा दवाखान्यात तीनदा आले, त्यांनाही त्याने हात जोडून सांगितलं होतं की शिवतेजची परीक्षा होईपर्यंत काही कळवू नका. म्हणून ते बोलले नसतील. त्यांच्यावर रागावू नकोस.

चार ऑक्टोबरला दादाच्या कंपनीत आग लागली. सकाळी, पाळी चालू असताना. दत्तू दादा गेला. आमच्या दादाचा उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत भाजला, गळा आणि छातीची एक बाजू पण. सहा आठवडे दवाखान्यात होता. मांडीची कातडी काढून हातावर लावली. आता घरी आहे. बोटं वळत नाहीत. रोज गरम पाण्यात हात घालून एकेक बोट वाकवायचं असतं, ते मी करते. तो ओरडत नाही. मी म्हणते, ओरड, तरी ओरडत नाही.

पेपरात दोन ओळी आल्या होत्या. कंपनीचे लोक म्हणाले की स्फोट झाला तेव्हाच दत्तू दादा जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंही नाही, आणि तरी आमचा दादा त्याला काढायला आत हात घालत राहिला म्हणून भाजला. गावात सगळे त्याचं कौतुक करतात. देवळाच्या मंडळाने सत्कार ठेवला होता. तो गेला नाही. आई रडली, आपला मुलगा एवढा धीराचा आणि चार माणसांत बसत नाही म्हणून.

तुझं दोन तारखेचं पत्र त्याने माझ्यासमोर वाचलं. वाचून झाल्यावर घडी घातली, वही मागितली आणि आठवा आणि नववा नियम स्वतः उतरवला. डाव्या हाताने. मी म्हटलं मी लिहिते, तर नाही म्हणाला. तेव्हापासून चार दिवस तो नीट जेवला नाही. मला कळत नाही, खेळाच्या नियमात त्याला लागण्यासारखं काय होतं. पण काहीतरी होतं. तुला कळत असेल तर त्याला लिही. मी हे पत्र पाठवलं असं सांगितलंस तरी चालेल.

भाविका


कऱ्हाड
२९ डिसेंबर १९९५

दिपेश,

भाविकाचं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची एसटी पकडून मी आलो होतो, हे तुला माहीत आहे. आत्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, तो कोनाला भेटत नाय. मी तासभर ओटीवर बसलो. आतून तुझा खोकला ऐकू येत होता. मग उठलो.

मी ते पत्र कसं लिहिलं, हे आता आठवतानाही लाज वाटते. तुला पडलास म्हणालो. दत्तूला पळपुटा म्हणालो. मला क्षमा कर.

तुझा दुसरा प्रश्न मी पुन्हा वाचला. भाविकाला माहीत नाही, पण मला वाटतं मला कळलं. म्हणून नियम बदललाय. वहीत असं कर. नववा नियम: आगीत असलेल्या वीराने सोडलं तर ते सोडणं धरायचं नाही. चिठ्ठी आपोआप काढली गेली आणि आकडा कमी आला, असं समजायचं. वीराला दोष नाही. आठवाही बदलतो: जळलेल्या जागी गोंदण परत येतं, पहिल्यापेक्षा दुप्पट ताकदीचं.

मी इथे भैरूसाठी चिठ्ठी काढलीसुद्धा. वीस आला. भुयारातून तो सुखरूप बाहेर आला आणि पापलेटही त्याच्यासोबत आहे.

एवढं ऐक माझं.

शिवतेज


करावे
२० जानेवारी १९९६

शिवतेज,

पापलेटला परत आणू नको. पुन्हा कधी असं केलंस तर मी तुझं पत्र उघडणार नाही.

आणि वीस आला हे खोटं आहे. तू डबा उघडलाच नसशील. पहिल्या पत्रात तू म्हणाला होतास विश्वास ठेवावा लागेल. मी ठेवला होता. नववा नियम तू लिहिलास तेव्हा तुला काही माहीत नव्हतं, म्हणून तो खरा होता. आता तुला दया आली म्हणून बदलतोस. दयेने केलेला नियम कशाला पाहिजे? दया तर गावातले सगळे दाखवतातच मला.

तुला कळलं म्हणतोस. अर्धंच कळलंय. पूर्ण सांगतो, एकदाच.

टाकीच्या खाली खड्डा आहे. त्यात उतरून व्हॉल्व्ह फिरवायचा असतो. दत्तू खाली होता, मी वर जाळीवर. अकरा वाजले असतील. तो खालून मला विचारत होता, पापलेट भुयारात आधी गेला तर चालेल का. मी हो म्हणणार होतो तेवढ्यात आवाज झाला. शिडी पडली, खाली सगळं पेटलं. मी पोटावर पडून हात खाली घातला. त्याने माझं मनगट धरलं, मी त्याचं. त्याचे पाय कुठे टेकत नव्हते. तू बघितलं नाहीस त्याला, वजन खूप होतं त्याचं.

तो जागच्या जागी गेला नाही, शिव्या. सगळे तसं म्हणतात कारण मी कोणाला सांगितलं नाही. तो माझ्याशी बोलत होता. म्हणाला, "दिप्या, सोरू नको." दोनदा म्हणाला. माझी बाही पेटली. वास आला, तो माझाच आहे हे कळायला वेळ लागला. मी ओढत होतो. थोडा वर आला पण होता तो.

मग मी सोडलं. हात सुटला नाही. सुटणं वेगळं. बोटं मी उघडली. बोटं उघडताना मला आठवतंय. आता रोज भाविका तीच बोटं मिटवायला बसते आणि ती मिटत नाहीत.

म्हणून विचारलं होतं तुला. तू बरोबर लिहिलं होतंस. फक्त शेवटचं वाक्य चुकलं. ती गोष्ट राज्यात कोणाला कळली नाही. उलट सोडणाऱ्याला शाल द्यायला बोलावतात.

दिपेश


कऱ्हाड
१ फेब्रुवारी १९९६

दिप्या,

वीस आला नव्हता. डबा उघडला नव्हता. तू बरोबर ओळखलंस.

बदललेले दोन्ही नियम मी खोडले. आधीचा नववाही खोडला. तो मी पंख्याखाली बसून, चहा पीत लिहिला होता. माझ्या हाताला कधी साधा चटका बसला तरी मी नळाखाली धरतो. ज्याला माहीत नाही त्याने केलेला नियम खरा कसा? नऊ आकड्यापुढची जागा कोरी ठेवलीय.

मी बेटाचा मास्तर आहे. भुयार, धूर, खेकडा, एवढ्यावरच माझं चालतं. तू जे विचारतोयस त्याचं उत्तर द्यायचा अधिकार मला नाही, भाविकाला नाही, शाल देणाऱ्यांना तर नाहीच. तुला दोष नाही असं मी पुन्हा लिहिणार नाही. मला तसं वाटतं, पण माझ्या वाटण्याने तुझं भागणार नाही हे कळलं.

दत्तूचे आई-वडील मोऱ्याला आहेत. त्यांना खोटं सांगितलं गेलंय. त्यांचा मुलगा शेवटी काय बोलला हे जगात फक्त तुला ठाऊक आहे. तुला हलकं वाटावं म्हणून जाणार असशील तर जाऊ नकोस. ते ऐकून त्यांना किती त्रास होईल याचा विचार कर. पण ते शब्द त्यांचे आहेत, तुझ्याकडे राहिलेत, असं वाटलं तर जा. मला ठरवता येत नाही. दोन दिवस हे वाक्य लिहू की नको करत होतो.

सोबत यायचं असेल तर एक ओळ लिही. नाही गेलास तरी माझ्याकडून काही बदलत नाही.

शिवतेज


करावे
३ मार्च १९९६

प्रिय शिव्या,

काल मोऱ्याला जाऊन आलो. तुला बोलावलं नाही, राग मानू नको. कोणी सोबत असतं तर मी त्याच्याआड बसलो असतो.

उरणपर्यंत एसटीने गेलो, पुढे रिक्षा केली. बंदराच्या अलीकडे घर आहे. दत्तूचे वडील, सिताराम काका, दारात होडीच्या फळीला रंग देत होते. मला ओळखलं. दवाखान्यात आले होते म्हणे, मी शुद्धीत नव्हतो. उठून पाट दिला, पाणी दिलं. दत्तूची आई बाजारातून नुकतीच आली होती, टोपली उतरवून आत हात धूत होती. मी म्हटलं, काकीला पण बसू दे, मला बोलायचंय.

सगळं सांगितलं. तुला लिहिलं तसंच, कमी नाही केलं. तो काय बोलला ते सांगितलं. मी बोटं उघडली ते पण सांगितलं.

काका म्हणाले, "आमाला तर सांगलं, त्याला काय कललं पन नाय."

मी म्हटलं, "कळलं होतं, काका."

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. मग म्हणाले, "जा तू आता." ओरडले नाहीत. उठून आत गेले आणि दार लोटून घेतलं. काकी तिथेच बसून होती, भिंतीकडे तोंड करून. मी उठलो. नमस्कार करावा की नाही कळेना, तसाच निघालो.

बंदराच्या रस्त्याला लागलो तर मागून हाक आली, "ए पोरा." काकी अनवाणी आली होती. दम लागला होता तिला. म्हणाली, "हात दाव."

मी बाही खाली ओढून ठेवतो नेहमी. वर केली. तिने दोन्ही हातांत घेतला आणि बघायला लागली. भर रस्त्यात. माणसं जात-येत होती. मनगटापासून कोपरापर्यंत, कोपरापासून वर, उलटा करून, सरळ करून. दवाखान्यातल्या कोणी इतकं निरखून बघितलं नसेल. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे दत्तूने धरलं होतं, तिथली कातडी चांगली आहे, शिव्या. चार बोटांएवढी जागा. जळालीच नाही ती, त्याच्या हाताखाली झाकली गेली होती. मला माहीत होतं, पण मी कधी कोणाला दाखवलं नव्हतं. तिला ती बरोबर दिसली. तिने स्वतःची बोटं तिथे ठेवून बघितली.

"हितं व्हता त्याचा हात?"

"हो."

"आनि तू आसाच धरलावतास त्याला?"

"हो."

मग तिने भाजलेल्या भागावरून हात फिरवला. खांद्यापर्यंत. म्हणाली, "इतका भाजंपरत धरून ऱ्हायलास?"

पाच महिने मी फक्त तो एकच क्षण मोजत होतो, बोटं उघडतानाचा. त्याच्या आधीचे क्षण मी धरलेच नव्हते. किती होते ते मला आजही सांगता येणार नाही.

काकी रडायला लागली. मोठ्याने. हात मात्र सोडला नाही तिने माझा. म्हणाली, "सोरू नको म्हनला त्यो?" मी हो म्हटलं. "आनि आईचं नाव?" मी म्हटलं, नाही काकी, नाव नाही घेतलं. खोटं बोलावंसं वाटलं होतं मला, खरं सांगतो. सोपं होतं. नाही बोललो. तिने मान हलवली. मग पदराने तोंड पुसलं आणि माझी बाही स्वतःच खाली ओढून दिली. म्हणाली, "ऊन लागंल त्याला."

मला माफ केलं की नाही मला माहीत नाही. तसं काही ती म्हणाली नाही. सिताराम काका तर बाहेरच आले नाहीत.

घरी येऊन भाविकाला आणि आईला पण सगळं सांगितलं. आई तेव्हापासून बोलत नाही. भाविकाने गरम पाणी आणलं, नेहमीसारखं. काल पहिल्यांदा मी ओरडलो. शेजारची माणसं बघायला आली.

तुझ्याकडे नवव्याची जागा कोरी आहे म्हणालास. मी वहीत लिहिलंय, बरोबर आहे का तू बघ. वीराने सोडलं तर त्याने स्वतः सोडलं, असंच लिहायचं. चिठ्ठीवर घालायचं नाही. पण त्याच्या शेजारी, त्याआधी त्याने किती वेळ धरून ठेवलं होतं ते पण लिहायचं. दोन्ही लिहायचं. एक खोडून दुसरं ठेवायचं नाही.

निघताना काकी म्हणाली नाही की परत ये. येऊ नको असंही म्हणाली नाही. होडीची फळी अर्धीच रंगवलेली राहिली होती. पुढच्या रविवारी मी जाणार आहे. डाव्या हाताने ब्रश धरता येतो मला.

तुझा,
दिपेश